जागा धरणारी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की दोन उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहतात आणि दीड तास एकमेकांशी वाद घालतात. आपल्याकडच्या बातम्यांतही ती दृश्यं दाखवतात आणि आपणही भाजी निवडता निवडता ती बघतो. निळा पडदा, दोन पोडियम, कडक इस्त्रीचे सूट. पण मैत्रिणींनो, आदल्या दिवशी त्याच पोडियममागे कोण उभं असतं, ठाऊक आहे? कॉलेजातली एखादी मुलगी आणि एखादा मुलगा. ज्यांचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहणार नाही अशी, शिकणारी पोरं.

झालं असं की या चर्चा कित्येक वर्षं तिथल्या विद्यापीठांच्या सभागृहांतच होत आल्या. न्यूयॉर्कजवळच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात २००८, २०१२ आणि २०१६ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत झाल्या. केंटकी राज्यात डॅनव्हिल म्हणून एक गाव आहे, आपल्या पालघरपेक्षाही लहान. तिथल्या सेंटर कॉलेजात २००० आणि २०१२ साली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चा झाली. अशा वेळी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून नावं देतात. कुणी पत्रकारांना रस्ता दाखवतं, कुणी फोन घेतं, कुणी निरोप पोचवतं. त्यातल्या दोघातिघांच्या वाट्याला उभं राहायचं काम येतं. उमेदवाराच्या साधारण उंचीचा मुलगा, साधारण तशाच केसांची मुलगी आणि प्रश्न विचारणाऱ्या सूत्रधाराच्या जागी तिसरं कुणीतरी.

काम काय, तर उभं राहायचं. दिवा डोळ्यांवर येतो का, नाकाची सावली गालावर पडते का, कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकं कापलं जातं का, हे तंत्रज्ञ बघत राहतात. मग त्या पोरांना बोलायला सांगतात, म्हणजे आवाज जुळवता येतो. ती काहीही बोलतात. देशापुढचे प्रश्न, अभ्यास, मेसचं जेवण. दुसऱ्या दिवशी खरे उमेदवार येतात आणि ही पोरं बाजूला होतात. सभागृहात बसून चर्चा ऐकायला विद्यार्थ्यांना मोजकीच तिकिटं मिळतात, तीही सोडतीने. म्हणजे जिच्या चेहऱ्यावर दिवे जुळवले, तिला आत जागा मिळेलच असंही नाही!

इंग्रजीत या कामाला 'स्टँड-इन' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? 'डमी' म्हटलं तर आपल्याला परीक्षेत दुसऱ्याच्या नावावर बसणारा आठवतो, नाहीतर निवडणुकीत मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून अर्ज भरणारा पुतण्या. मला आपला लोकलमधला शब्द बरा वाटतो : जागा धरणं. डहाणूला चढलेली मैत्रीण बोईसरवालीसाठी, बोईसरवाली पालघरवालीसाठी रुमाल टाकून जागा धरते. तिथे एक नियम कुणी न सांगता पाळला जातो. जिच्यासाठी जागा धरली ती आली, की धरणारीने रुमाल उचलायचा. नाही उचलला तर विरारपर्यंत भांडण!

हा नियम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता एवढ्या तयारीची गरज काय, असं वाटेल. उभं राहायचं आणि बोलायचं, त्यात कसली आलीय तालीम? तर २३ सप्टेंबर १९७६ ची गोष्ट सांगते. फिलाडेल्फियाच्या एका जुन्या नाट्यगृहात जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची चर्चा चालू होती. शेवटाकडे अचानक आवाज गेला. कुठला तरी छोटासा भाग बिघडला होता. पुढची २७ मिनिटं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि होऊ घातलेला राष्ट्राध्यक्ष आपापल्या पोडियममागे तसेच उभे. बसावं, एकमेकांशी दोन शब्द बोलावेत, हे दोघांनाही सुचलं नाही. कोट्यवधी लोक हे बघत होते. माइक बंद पडल्यावर काय करायचं, हे जगातल्या सगळ्यात मोठ्या पदावरच्या माणसालाही आयत्या वेळी कळत नाही. मग आपल्या ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहिलेली बाई गप्प झाली तर तिला हसायचं कशाला?

आणि ती १९७६ ची चर्चा कुणी भरवली होती? बायकांनी. 'लीग ऑफ वुमन व्होटर्स' ही महिला मतदारांची संस्था. अमेरिकेत १९२० साली बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला, त्याच वर्षी ही संस्था निघाली. मत मिळालं, आता ते समजून द्यायला शिकू या, असा तिचा सरळ हिशेब. पहिली टीव्हीवरची चर्चा १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्यात झाली, पण त्यानंतर सोळा वर्षं कुणी उमेदवार एकमेकांसमोर उभेच राहिले नाहीत. ती बंद पडलेली गोष्ट १९७६ मध्ये या बायकांनी पुन्हा सुरू केली आणि १९८० व १९८४ मध्येही चालवली.

१९८८ ला मात्र बिनसलं. दोन्ही पक्षांनी आपसांत करार करून सगळंच आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली. प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, सगळंच. लीगच्या बायकांनी जाहीर सांगितलं, की मतदारांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात आम्ही सामील होणार नाही, आणि त्या बाहेर पडल्या. मला त्यांचं हे फार आवडतं. हाती आलेला मोठा मान सोडायला धमक लागते. पुढे हे काम दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या आयोगाकडे गेलं. २०२४ साली दोन्ही बाजूंनी त्या आयोगालाही बाजूला ठेवलं आणि चर्चा वृत्तवाहिन्यांनी भरवल्या, त्यातली पहिली तर अटलांटाच्या बंद स्टुडिओत, समोर प्रेक्षक न बसवता. ज्या विद्यापीठांनी महिनोन् महिने तयारी केली होती, त्यांचं यजमानपद गेलं. त्यात व्हर्जिनिया स्टेट विद्यापीठही होतं. मूळ कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांपैकी एखाद्यात अशी चर्चा पहिल्यांदाच व्हायची होती. तिथल्या कुणा मुलीची त्या दिव्यांखाली उभं राहायची संधी हुकली, ती हुकलीच.

जागा धरणाऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त कामाचा आहे. चर्चेच्या आधी आठवडाभर उमेदवार कुठेतरी बंद दाराआड सराव करतो. तेव्हा समोर विरोधकाच्या जागी एक माणूस उभा करतात. त्याने विरोधकासारखंच बोलायचं, मध्येच तोडायचं, टोमणे मारायचे, जिव्हारी लागेल तेच विचारायचं. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो ही मोठ्या पक्षाकडून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिलेली पहिली बाई. तिच्या सरावात रॉबर्ट बार्नेट नावाचे वकील तिच्यासमोर जॉर्ज बुश झाले होते. २००८ मध्ये जो बायडेन यांना सॅरा पेलिन यांच्याशी वाद घालायचा होता, तर मिशिगनच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम सरावात पेलिन झाल्या. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्यासमोर फिलिप राइन्स हे त्यांचे जुने सहकारी ट्रम्प होऊन उभे राहिले. सूट, टाय, सगळं तसंच! म्हणजे परराष्ट्रमंत्री राहिलेल्या, जन्मभर राजकारणात वावरलेल्या बाईलाही 'हा मध्येच बोलेल तेव्हा मी काय करू' याची तालीम करावीशी वाटली. यात कमीपणा कसला?

आता आपल्याकडे येऊ या.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. त्याआधी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हापासून एक तृतीयांश होत्याच. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आणि त्याची अंमलबजावणी जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडली. म्हणजे खुर्च्या आल्या, आणखी येणार आहेत. पण खुर्चीतून बोलतं कोण? तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. गावात कुणाला विचारा, "सरपंच कोण?" उत्तर येतं पुरुषाचं नाव. मग जरा थांबून, "म्हणजे, नावावर वहिनी आहेत." 'सरपंच पती' हा शब्द आता दिल्लीपर्यंत पोचलाय. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये यावर समिती नेमावी लागली.

लोकलमधला तो नियम इथे आठवा. अमेरिकेतली ती विद्यार्थिनी खरी उमेदवार आली की बाजूला होते, कारण तिला पक्कं ठाऊक असतं की ही जागा आपली नाही. आणि आपल्याकडे? खरी मालकीण समोर बसलेली असताना जागा धरणारा रुमाल उचलतच नाही. शिवाय सगळं गाव त्यालाच 'सरपंच साहेब' म्हणतं.

मी हे हवेत बोलत नाही. आमच्या बोईसर भागातल्या एका गावातली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातल्या सगळ्याजणींना उद्या त्याच गावात राहायचं आहे. तिथल्या बचत गटाने मला गेल्या खेपेला बोलावलं होतं. गटात निम्म्याजणी औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणाऱ्या, दोघी अंगणवाडीच्या, तिघी-चौघी मासळीवाल्या. प्रश्न एकच होता. मुख्य रस्त्यापासून वस्तीपर्यंतच्या वाटेवरचे दिवे बंद. दुसऱ्या पाळीच्या बायका रात्री सव्वाअकराला उतरतात आणि मोबाइलचा उजेड पाडत, एकमेकींना हाका मारत घरी येतात. दोन ग्रामसभा झाल्या होत्या आणि दोन्हींत हा विषय बोलायचा ठरलं होतं. दोन्ही वेळा कुणी बोललंच नाही.

का बोललं नाही? मासळीवाली मावशी सांगत होती, "काय सांगू ताई, उभी राहिले आणि घशात काटा अडकल्यासारखं झालं." आता ही बाई पहाटे बंदरावर लिलावात बोली लावते. बाजारात दहा रुपयांसाठी गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढते. तिचा आवाज स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो! आणि ग्रामसभेत, चाळीस पुरुष समोर बसलेले असताना, तिला दोन वाक्यं बोलता येईनात. आवाजाची कमी नव्हती. त्या जागी उभं राहायची सवय नव्हती, इतकंच.

गटात एकीची मुलगी पालघरला कॉलेजला जाते, टी.वाय.बी.ए.ला. राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. तिने कॉलेजात अभिरूप संसद केली होती. आपल्या देशात हे १९६६-६७ पासून चालतं. दिल्लीच्या शाळांतून सुरू झालं, मुलंच पंतप्रधान होतात, मुलंच विरोधी पक्षनेते. ती पोर म्हणाली, "आई, मी भाऊसाहेब होते. तुम्ही मला विचारा."

भाऊसाहेब म्हणजे आपला ग्रामसेवक. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी भाऊसाहेबच. मुलीने वडिलांचा चष्मा नाकावर खाली ओढला, हिशेबाची वही पुढ्यात घेतली आणि बसली. सगळ्याजणी आधी हसल्याच. पहिलीने उठून विचारलं, "दिवे कधी लागणार?" पोरगी वर न बघता म्हणाली, "निधी नाही. पुढचा विषय." बाई बसली. झालं! संपलंच की. दुसरी उठली. "प्रस्ताव पाठवलाय. वरून मंजुरी आली की बघू." तीही बसली. तिसरीला म्हणाली, "लेखी द्या."

मग मुलीनेच चष्मा काढला आणि म्हणाली, "तुम्ही बसता कशाला? मी उत्तर दिलं म्हणून प्रश्न संपला का?"

मैत्रिणींनो, त्या खोलीत तेवढ्या एका वाक्याने जे झालं, ते माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं. आपल्याला लहानपणापासून सवय असते की मोठ्या माणसाने उत्तर दिलं की बसायचं. उलटा प्रश्न विचारला की उद्धट. मग त्या बायका दुसऱ्या फेरीत उठल्या आणि उभ्याच राहिल्या. 'निधी नाही' म्हटल्यावर एक म्हणाली, "मग मागच्या वर्षी दिव्यांसाठी किती आला होता ते वाचून दाखवा." 'लेखी द्या' म्हटल्यावर मासळीवाली मावशी म्हणाली, "दिलंय. पोच माझ्याकडे आहे. आता तुम्ही उत्तर लेखी द्या." मुलगी खरंच गडबडली. भाऊसाहेब झालेली पोर चष्मा सावरत वही चाळायला लागली आणि सगळ्या पुन्हा हसल्या. पण हे हसणं वेगळं होतं.

इथवर ठीक होतं. पुढचं मला अपेक्षित नव्हतं. मागे भिंतीला टेकून गावच्या सरपंच ताई बसल्या होत्या. गटाच्या सभासद म्हणून आल्या होत्या. तासभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गो बाय, आता एकदा मी हो. मला बघायचंय."

खोली एकदम शांत. मुलगी आईकडे बघायला लागली. मग उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि खुर्चीत जाऊन बसली. मासळीवाल्या मावशीला काही सांगावं लागलं नाही. ती शेजारची खुर्ची ओढून, पाय फाकवून, मिशीवर हात फिरवत बसली. बायकांनी दिव्यांचा प्रश्न विचारला. 'सरपंच' झालेली मुलगी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "हां, ते आम्ही बघतोय." दुसरा प्रश्न. पुन्हा, "ते आम्ही बघतोय." मुलीने मान खाली घातली आणि पदराशी खेळावं तशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कुणीही हसलं नाही.

ताई बराच वेळ बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मी अशी दिसते?"

कुणी उत्तर दिलं नाही. काय देणार?

त्या पोरीने तिथे काही नाटक केलं नव्हतं. ती फक्त त्यांच्या जागी बसली होती. आरशात आपण स्वतःला बघतो ते आपल्याच डोळ्यांनी. दुसरं माणूस आपल्या जागी बसलं की मग गावाला आपण कशा दिसतो ते कळतं. अमेरिकेतल्या त्या तंत्रज्ञांना हेच तर बघायचं असतं.

पुढे काय झालं हेही सांगते, कारण असल्या गोष्टींचा शेवट लेखांमध्ये फार गोड करतात. पुढच्या ग्रामसभेत ताईंनी विषयपत्रिका स्वतः वाचली. हात कापत होते म्हणे, कागदाचा आवाज मागेपर्यंत येत होता. यजमान शेजारीच बसले होते आणि दोन ठिकाणी त्यांनी मध्ये बोलून घेतलंच. पण दिव्यांचा विषय आला तेव्हा मासळीवाल्या मावशीने विचारलं आणि थेट ताईंकडे बघून विचारलं. यजमान बोलायला लागले तर म्हणाली, "दादा, मी सरपंचांना विचारलंय." ताईंनी उत्तर दिलं. तेही अर्धवट होतं, पण त्यांचं होतं. इतिवृत्तात नोंद झाली आणि ती वाचून दाखवा असा बायकांनी हट्ट धरला. सातपैकी तीन खांबांवर दिवे लागले आहेत. चार अजून नाहीत. दुसऱ्या पाळीच्या बायका आजही शेवटच्या वळणाला मोबाइल काढतात.

यावर एक पुरुष वाचक नक्की म्हणतील, "हे सगळं घोकून आणलेलं बोलणं. मनातून आलेलं बोलावं की!" मला सांगा, पुरुषांचं काय मनातून येतं? ते रोज सरावच करत असतात. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, पारावर, नाक्यावर. देशाचं राजकारण, तालुक्याचं राजकारण, कोण कुठल्या पक्षात गेलं. आवाज चढवणं, दुसऱ्याला तोडणं, माघार घेतल्यासारखं दाखवून पुन्हा मुद्द्यावर येणं, हे सगळं ते पंधराव्या वर्षापासून तिथे शिकतात. त्याला कुणी तालीम म्हणत नाही, 'गप्पा' म्हणतात. टपरीवर जाऊन तासभर उभी राहणारी बाई तुम्ही आपल्या पालघर-बोईसरात किती पाहिल्यात? तिला ती तालीम ठरवून करावी लागते, दार लावून, गटाच्या मीटिंगनंतर. त्यात खोटं काही नाही.

घोकंपट्टीचा धोका मात्र आहे, तो नाकारत नाही. अमेरिकेत तो दिसलाच. तयारी इतकी वाढली की उमेदवार प्रश्न कुठलाही असो, पाठ केलेलंच उत्तर देतात. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांची उंची बुश यांच्यापेक्षा कमी दिसू नये म्हणून पोडियममागे उंचवटा ठेवला होता. निवडणूक तरीही ते हरले. दिव्यांची आणि उंचीची तयारी एका मर्यादेपर्यंतच कामाची. पण आपण त्या मर्यादेच्या इतक्या अलीकडे आहोत की ती चिंता आणखी वीस वर्षांनी करू.

आपल्या जिल्ह्यात बाई बोलली की नवल वाटावं असंही काही नाही खरं तर. तलासरी-डहाणूच्या वारली पाड्यांवर १९४५ पासून गोदावरी परुळेकर फिरत होत्या आणि वेठबिगारीविरुद्ध आदिवासींना उभं करत होत्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या भारती कामडी २०२४ मध्ये लोकसभेला उभ्या होत्या. पक्ष कुठला, त्यांचं पटतं की नाही, हा भाग वेगळा. माइक त्यांच्या हातात होता. या बायकाही कुठेतरी पहिल्यांदा उभ्या राहिल्याच असतील ना?

आणि कॉलेजच्या मुलींबद्दल एक. आमच्याकडे स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मुलीने करायचं, स्वागतगीत मुलींनी म्हणायचं, हळदीकुंकवाच्या तबकासारखी शाल-श्रीफळाची तबकं मुलींनी धरायची. वर्गप्रतिनिधी कोण, तर मुलगा. वादविवाद स्पर्धेत बक्षीस आणणारी मुलगी बी.ए. झाली की तिचं ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातं. ती वाद घालायला शिकलीय, ते कौशल्य गावाच्या कामी आणायला कुणी तिला विचारतच नाही. म्हणून मी म्हणते, विचारा. भाऊसाहेब व्हायला, सरपंच व्हायला, तिरसट इंजिनिअर व्हायला तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. त्या गटातल्या मुलीला मी निघताना विचारलं, "उद्या खरंच उभी राहशील का निवडणुकीला?" ती म्हणाली, "बाबांना विचारावं लागेल." मग स्वतःच ओशाळून हसली. दोन तास जिने साऱ्या गावाचा सरकारी आवाज काढला, तिचं हे उत्तर. एकवीस वर्षांची होईपर्यंत बदलेल, अशी मला आशा आहे. कायद्याने तिला एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं.

करायचं असेल तर सोपं आहे. गावात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या दिवसांच्या आगेमागे होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरती उरते. रजिस्टर घरोघर फिरतं, अंगठे-सह्या होतात, संपली सभा. ती सभा खरोखर भरवा आणि त्यातच तालीम करा. आपला पालघर तालुका, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा इकडच्या पेसा गावांत तर ग्रामसभेला इतर ठिकाणांपेक्षा जास्त अधिकार आहेत, तिथे बायकांनी गप्प बसणं आणखीनच महाग पडतं. शहरात राहणाऱ्यांनी नगरसेवकाला भेटायला जाण्याआधी हेच करावं. एकच विषय घ्या. कागदाची पोच बरोबर ठेवा. तीन वेळा 'नाही' ऐकायची सवय करा आणि चौथ्यांदाही उभ्या राहा. कॉलेजातली मुलगी मिळाली नाही तर शेजारचा बारावीचा मुलगा चालेल. तो भाऊसाहेबाचा अभिनय जरा जास्तच मनापासून करील, पण चालेल.

आणि हो, त्या पोरीला नुसता चहा देऊन पाठवू नका. दोन तास 'निधी नाही, निधी नाही' म्हणून तिचा घसा सुकलेला असतो. पोहे तरी करा.